हॉर्नबी रोडच्या कमानी

वाचकहो, वैरागहून मुंबईस निघालेला माणूस बहुधा सोलापुरास किंवा कुर्डुवाडीस जाऊन रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरतो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोरीबंदरावर, उतरतो. कोणी मंत्रालयातल्या कामासाठी आलेला असतो, कोणी दवाखान्यासाठी, कोणी नोकरीच्या मुलाखतीसाठी. स्टेशनासमोरून जो रुंद रस्ता दक्षिणेकडे जातो त्याचे आजचे नाव दादाभाई नौरोजी मार्ग. जुने नाव हॉर्नबी रोड. पावसाचे दिवस असले तर हा परगावचा माणूस आपोआप कडेच्या इमारतींच्या कमानींखाली शिरतो आणि हुतात्मा चौकाकडे बराचसा कोरडा चालत जातो. ऊन असले तर सावलीतून जातो. हे छप्पर कोणी बांधले, कोणाच्या खर्चाने बांधले, आणि ते शंभराहून अधिक वर्षे कसे टिकले, हा विचार चालणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. या लेखात तोच विचार करावयाचा आहे.

मुंबईच्या एका रस्त्याची हकीकत वैरागच्या वाचकांनी कशासाठी वाचावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच पेठेत आहे. आपल्या भागातले जुने दुकान डोळ्यांपुढे आणा. दगडी जोते, त्यावर कमरेइतका उंच ओटा, ओट्यावर लाकडी खांबांची पडवी, एकेक फळी खाचेत सरकवून लावावयाचे दार, आत गादी-तक्क्या आणि चोपड्या, मागे वखार, वर मातीचे माळवद. ओटा मालकीने दुकानदाराचा असे, पण वापराने तो साऱ्या गावाचा असे. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली बाई तेथे गाठोडे टेकून बसे. सर आली की चार अनोळखी माणसे पडवीत उभी राहत आणि शेटजी त्यांना जा म्हणत नसत. असे वागावे हे कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेले नव्हते. रीत होती, इतकेच. मुंबईत मात्र हीच गोष्ट कायदा करून घडवावी लागली, आणि म्हणून तिची हकीकत तारीखवार सांगता येते.

मुंबईला एके काळी कोट होता. आजही त्या भागास 'फोर्ट' म्हणतात ते त्यामुळेच. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तटबंदी उभारली आणि तिला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे ठेवले. कंपनीच्या कचेऱ्या, गोदामे, इंग्रजांची घरे आणि पारशी, बनिया, बोहरी व्यापाऱ्यांच्या पेढ्या अशी सारी दाटी या भिंतींच्या आत होती. १८०३ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली आणि कोटाच्या उत्तरेकडील देशी वस्तीचा बराच भाग जळून गेला. त्यानंतर पुष्कळ देशी व्यापाऱ्यांनी कोटाबाहेर घरे केली. मांडवी, भुलेश्वर, मस्जिद बंदर या बाजूच्या पेठा भरभराटीस आल्या. धान्याची आणि गळिताच्या मालाची अडत ज्या मांडवी-मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत पुढे पिढ्यान् पिढ्या चालली, त्यांच्या वाढीमागे ही आग आहे, हे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

कोट मात्र आणखी साठ वर्षे तसाच उभा राहिला. शत्रू उरला नव्हता, तरी भिंती होत्या. त्या पाडल्या गेल्या त्या कापसाच्या पैशाच्या काळात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच अमदानीत तटबंदी पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, बँका बुडाल्या आणि अनेक लक्षाधीश रस्त्यावर आले. पण तोवर भिंती गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी मोकळी जमीन व रुंद रस्ते आले होते. फुगलेल्या बाजाराने शहराला काही कायमचे देऊन जावे, असे क्वचितच घडते. मुंबईत ते घडले.

याच वर्षांत आपला मुलूख मुंबईला लोखंडी रुळांनी जोडला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५९ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथवर आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचली. तेव्हा बोरघाटाचा चढ मात्र गाडीने पार होत नसे. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि मग सोलापूरचा माल थेट बंदरापर्यंत जाऊ लागला. निजामाच्या हद्दीलगतची बार्शीची पेठ कापूस आणि गळिताच्या धान्यासाठी नावारूपास आली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली. वैरागच्या वाट्याला रूळ आले नाहीत. आपले गाव बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे, बैलगाड्यांचे आणि पुढे मोटारींचे राहिले. येथून गेलेला माल मांडवीच्या दिशेने जाई. हॉर्नबी रोडवर मात्र जे काही विकले जाई ते बोटीतून उतरलेले असे. एकाच शहरातले हे दोन बाजार एकमेकांपासून पाऊण कोसावरही नव्हते, पण दोघांची रीत अगदी निराळी होती.

हॉर्नबी हे १७७१ ते १७८४ या काळातील मुंबईचे गव्हर्नर. त्यांचे नाव दिलेला हा रस्ता कोटाच्या आतलाच होता. पश्चिमेची भिंत गेल्यावर तो रुंद करण्यात आला आणि त्याच्या पश्चिम अंगास बांधकामासाठी नवी जागा मोकळी झाली. १८८५ ते १९१९ या सुमारे पस्तीस वर्षांत या बाजूला एकापाठोपाठ एक भव्य व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. आज आपण जो रस्ता पाहतो तो मुख्यतः या पस्तीस वर्षांचा आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. १८९६ मध्ये सरकारने या रस्त्यासाठी बांधकामाचे नियम केले. इमारत कोणाचीही असो, तिच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने पायी चालणाऱ्यांसाठी कमानींचा छपरी मार्ग ठेवणे सक्तीचे झाले. दर्शनी बाजू कशी असावी यावरही नियंत्रण आले. परिणाम असा की वरचे मजले रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे आले, पण खाली दुकान मागे सरले आणि मधली पट्टी येणाऱ्या-जाणाऱ्याला मिळाली. एका मालकाच्या कमानी जेथे संपत तेथे शेजाऱ्याच्या सुरू होत. खर्च मालकाचा आणि वाट सर्वांची, असा हा सौदा होता.

या सौद्यातील शहाणपण नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. जमिनीच्या भावाच्या दृष्टीने पाहिले तर तळमजल्याची दर्शनी पट्टी ही इमारतीतली सर्वांत किमती जागा. एकट्या मालकाने ती सोडली असती तर तो मूर्ख ठरला असता, कारण शेजाऱ्याचे दुकान पुढे आणि त्याचे मागे गेले असते. सगळ्यांनी एकदम सोडली तेव्हा कोणाचेच नुकसान झाले नाही. उलट सावलीतून गिऱ्हाईक रेंगाळत चालू लागले, काचेपुढे थांबू लागले आणि दुकानांचा धंदा वाढला. जे एकेकट्याला परवडत नाही ते सर्वांना मिळून परवडते. पण त्यासाठी कोणीतरी सर्वांना सारखी सक्ती करावी लागते. वाड्यांच्या पेठेत हे काम शेजारधर्माने केले. मुंबईत दहा देशांचे व्यापारी एकमेकांना ओळखत नव्हते, तेथे ते नियमाने झाले.

कमानींचा हा विचार मुंबईत अगदीच नवा नव्हता. टाउन हॉलपुढील एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, १८७२ मध्ये पुरे झाले तेव्हा तेथे गोलाकार इमारतींच्या पायथ्याशी सलग कमानी होत्याच. पण ते एका आराखड्याने एकदम बांधलेले वर्तुळ होते. हॉर्नबी रोडवर मालक वेगळे, वास्तुशिल्पी वेगळे, बांधण्याची वर्षेही वेगळी. म्हणून तेथे जी शोभा आली ती निराळ्या जातीची आहे. कमानींच्या वर ज्याने त्याने आपली हौस केली आहे. एक इमारत टोकदार गॉथिक, शेजारची ग्रीक-रोमन खांबांची, तिसरी घुमट-झरोक्यांची. खाली मात्र सर्वांचे पाऊल एका ओळीत. एका वर्गात निरनिराळ्या घरची मुले बसावीत आणि गणवेश फक्त कमरेखाली असावा, तसा हा प्रकार! दगडही जवळपासचेच. कुर्ल्याचा आणि मालाडचा. शिवाय सौराष्ट्रातून गलबतांनी येणारा पोरबंदरचा मऊ दगड. दगड मऊ असला की नक्षी सुरेख उठते, पण समुद्राची खारी हवा ती लवकर खाते. ज्यांना या इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा लागला आहे त्यांना हे आम्ही सांगावयास नको.

दुकानांकडे वळू. येथे चष्मे आणि दुर्बिणी विकणारी लॉरेन्स अँड मेयो होती, मॅकमिलनसारखी पुस्तक कंपनी होती, कॅमेऱ्यांची कोडॅक होती. सर्वांत गाजलेले दुकान व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रज कंपनीचे. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या या कंपनीची दुकाने पुढे हिंदुस्थानातच काय, सिंगापूरपर्यंत पसरली. कापड, टोप्या, बूट, भांडी, खेळणी असे सर्व एका छपराखाली मिळे. भाव ठरलेला. व्यवहार रोख. उधारीचे नाव नाही, आणि या रोखठोकपणावरून इंग्रज गिऱ्हाईकांनी कंपनीच्या नावावर थट्टेचा श्लेषही केला होता. आपल्या पेठेतला व्यवहार याच्या बरोबर उलट. तेथे गिऱ्हाईक आधी ओट्यावर बसणार, पाणी पिणार, पीकपाण्याची चौकशी होणार, भाव घासाघिशीने ठरणार आणि पैसे सुगीला मिळणार. त्या विश्वासावर सावकारीचे व्याजही चढे, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण दोन्ही ठिकाणी इमारतीची रचना धंद्याच्या रीतीप्रमाणे झाली आहे, हे पाहण्यासारखे आहे. बसून व्यवहार करावयाचा म्हणून ओटा आला, आणि चालता चालता पाहून विकत घ्यावयाचे म्हणून कमान व काच आली.

व्हाइटअवे लेडलॉचे इंग्रज कापड ज्या इमारतीत विकले जाई त्याच इमारतीत स्वातंत्र्याच्या सुमारास खादी भांडार आले आणि पुढे कित्येक दशके तेथे हातसुताचे कापड, गावाकडचा साबण आणि मध विकला गेला. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी ही इमारत पाहावी.

तसाच विनोद रस्त्याच्या नावात आहे. हिंदुस्थानचे धन इंग्लंडकडे कसे वाहून जाते हे आकड्यांनी सिद्ध करण्यात दादाभाई नौरोजींनी उभे आयुष्य घालविले. १८९२ मध्ये ते लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेले आणि तेथेही हेच मांडीत राहिले. शिल्पकार तालीम यांनी घडविलेला त्यांचा पुतळा १९२५ मध्ये या रस्त्याच्या दक्षिण टोकाला, फ्लोरा फाउंटनजवळ बसविण्यात आला. विलायती मालाच्या दुकानांकडे पाहत बसलेले दादाभाई! पुढे गव्हर्नर हॉर्नबी यांचे नाव जाऊन रस्त्यालाच दादाभाईंचे नाव मिळाले. त्यापलीकडच्या चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला तेथे थांबल्यावाचून पुढे जाववत नाही.

रस्ता व्यापाराचा खरा, पण त्यावर केवळ दुकानेच नव्हती. १८८१ ची वाच्छा अग्यारी पारशी बांधवांची. १८९८ मध्ये बांधलेली जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट ही वाचनालयाची इमारत. तिच्या उंच खिडक्यांखाली बसून वाचणाऱ्यांना बाहेरच्या बाजारपेठेचा आवाज दूरचा वाटतो. स्टेशनासमोर १८७९ चे गेइटी नाटकगृह होते. तेच पुढे कॅपिटॉल सिनेमा झाले. उत्तर टोकाला १८६९ ची क्रॉफर्ड मार्केटची मंडई, जिला आज महात्मा जोतीबा फुले यांचे नाव आहे, आणि तिच्याजवळ जे. जे. कलाशाळा. मध्यभागी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी १८८८ मध्ये पुरे केलेले बोरीबंदर आणि १८९३ मध्ये पुरी झालेली, त्यांचीच, महापालिकेची वास्तू.

याच रांगेत, बोरीबंदरासमोर, अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. या स्मरणिकेच्या वाचकांना तिचे नाव परके नाही. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि त्यांचे सहकारी यांनी १८७४ मध्ये ही संस्था स्थापन केली. शाळा १८८० मध्ये सुरू झाली ती बाबुला टँकजवळच्या साध्या जागेत. तेथून ती हॉर्नबी रोडवर आली १८९३ मध्ये, जेम्स विल्कॉक्स यांनी आखलेल्या या घुमट-बुरुजांच्या वास्तूत. तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. कायद्याचा आणि शहराचा जाणकार माणूस. शाळेला जागा निवडताना ती वस्तीच्या आत, गल्लीच्या टोकाला न निवडता शहराच्या सर्वांत मोक्याच्या रस्त्यावर, स्टेशन आणि महापालिका यांच्या शेजारी निवडली गेली, ही गोष्ट लहान नाही. त्या जागेवर दुकाने काढली असती तर भाडे भरपूर आले असते. तेथे वर्ग भरले. व्यापाराच्या रस्त्यावरील सर्वांत धाडसी इमारत कोणती असे आम्हाला विचाराल तर आम्ही या शाळेकडे बोट दाखवू. या निर्णयात शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी विचार करावा असे पुष्कळ आहे.

आता पुढचा भाग तितकासा सुखाचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई झाली आणि भाडी गोठविण्यात आली. १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले. भाडेकरूला हा मोठा आधार होता, आणि गरीब कुटुंबांना त्याची गरज होती यात शंका नाही. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि अर्धशतक राहिला. मोक्याच्या रस्त्यावरच्या दुकानाचे भाडे हातगाडीवरच्या दिवसाच्या कमाईहून कमी, अशी स्थिती आली. मालकाला गिलावा करण्याचेही कारण उरले नाही. जागा बदलताना 'पगडी' म्हणून मोठ्या रकमा हातोहात फिरत, पण त्यातला पैसा छपराच्या गळतीवर खर्च होत नसे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कायमची गोठवणूक गैरवाजवी ठरविली आणि मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली, पगडीला कायद्यात जागा दिली, आणि बँका, सरकारी मंडळे व एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. सुधारणा झाली, पण उशिरा. तोवर कित्येक नक्षीदार सज्जे गंजले होते.

भाड्यापेक्षा डोळ्यांना अधिक खुपणारी गोष्ट पाट्यांची. ज्याला त्याला आपले नाव मोठे दिसावयास हवे. कमानीवर पत्र्याची पाटी, तिच्यावर प्लॅस्टिकची, तिच्यावर दिव्यांची. दगडी कोरीवकाम आत गुदमरले आणि रस्त्याचा चेहरा झाकला गेला. १८९६ च्या नियमाने मालकांना एका ओळीत आणले होते. त्यांच्या नंतरच्या दुकानदारांनी ती ओळ पाट्यांनी मोडली. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-नियमावली आली आणि हा सबंध रस्ता संरक्षित यादीत गेला. त्यानंतर, १९९८ च्या सुमारास, वास्तुशिल्पी आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने पाट्या आणि रस्त्यावरील सामान यांचा आराखडा तयार झाला. पाटी कमानीच्या आत बसवावी, दगड झाकू नये, असे साधे नियम त्यात होते. दुकानदारांशी दारोदार जाऊन बोलणी झाली. कोणी हसले, कोणी टाळले, पण पुष्कळांनी आपल्या पाट्या उतरवून नव्या बसविल्या. सुरुवातीला धंदा बुडेल अशी भीती होती. तसे काही झाले नाही. या कामाला २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत उल्लेखनीय म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी बोरीबंदर स्थानक जागतिक वारसा यादीत गेले.

पण जुने म्हणून सर्व जपावे, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. क्रॉफर्ड मार्केटवरून उत्तरेकडे गेले की महंमद अली रोड आणि भेंडी बाजार लागतो. तेथल्या इमारतीही जुन्या, खाली दुकाने आणि वर एकेका खोलीत संसार. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि ३३ माणसे दगावली. त्याच भागात सैफी बुर्‍हाणी ट्रस्टने २००९ पासून पुनर्बांधणी हाती घेतली आहे. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा हा व्याप. तेथे पाडून नवे बांधण्याचा मार्ग निवडला गेला. ज्याचे मूल त्या छपराखाली झोपते त्याला नक्षीचे कौतुक ऐकवण्यात अर्थ नाही. एकाच शहरात, चालत वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर, एक रस्ता पाट्या उतरवून जपला जातो आणि दुसरा मुळापासून नवा बांधला जातो. दोन्हींना कारणे आहेत. आम्हाला विचाराल तर फरक पडतो तो वेळेवर झालेल्या दुरुस्तीने. पेटिट इन्स्टिट्यूटची वास्तू तिच्या विश्वस्तांनी दुरुस्त करवून घेतली म्हणून आजही वाचनालय चालू आहे. जेथे पन्नास वर्षे कोणी शिडी लावली नाही तेथे पाडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

वाचकहो, आता आपल्या पेठांकडे पाहा. सोलापुरात महापालिकेचे कार्यालय ज्या इंद्रभुवनात आहे ती वारद या व्यापारी घराण्याची वास्तू. सार्वजनिक वापरात आली म्हणून लोकांच्या नजरेत राहिली. लहान गावांतल्या दुकानांना असे भाग्य नाही. शेतमालाचा लिलाव बाजार समित्यांच्या आवारात गेल्यापासून पेठेतल्या वखारींचे काम संपले. वाटण्या झाल्या, एका दुकानाची तीन झाली, माळवद गळू लागले. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते, आणि ती टाकणारी माणसेही आता मिळत नाहीत. म्हणून लोक स्लॅब घालतात. त्यांना दोष देता येणार नाही. पण नवे बांधताना पहिली गोष्ट नाहीशी होते ती ओटा. शटर थेट रस्त्याच्या कडेला येते, आणि त्याच्या पुढे पत्रा व पाटी. ओट्यावर बसणारी खेड्यावरची बाई आता एस. टी. स्टँडवर उन्हात उभी असते.

यावर काही करता येईल का? ज्यांना पेठेत नवी इमारत बांधावयाची आहे त्यांनी बांधकामाचा नकाशा करताना तळमजला पाच-सहा फूट मागे घ्यावा आणि वरचा मजला खांबांवर पुढे आणावा. शेजारच्या दोघांशी आधी बोलावे. तिघांनी केले तर चौथा करतो. वरच्या मजल्याची जागा जात नाही, आणि खाली गिऱ्हाईकाला सावली मिळते. हॉर्नबी रोडचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

दुसरे काम विद्यार्थ्यांसाठी. पेठेतली जी जुनी दुकाने अजून उभी आहेत त्यांचे मोजमाप घ्या. ओट्याची उंची, खांबांची संख्या, दाराच्या फळ्या, कोणत्या खाणीचा दगड, वखारीत पेव आहे का, छप्पर माळवदाचे की पत्र्याचे, हे सर्व एका वहीत उतरवा. चौकटीवर कोरलेले नाव किंवा साल असेल तर त्याचा कागदावर ठसा घ्या. घरच्या वडीलधाऱ्यांपाशी घरपट्टीच्या पावत्या, भाडेचिठ्ठ्या, खरेदीखते असतात. त्यांतली कित्येक मोडी लिपीत किंवा उर्दूत आहेत आणि ती वाचणारी माणसे गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याकडे कागद घेऊन जाताना बरोबर एखादा मोडी शिकू इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी न्यावी.